रोज नवी पाहुणी

आईला मेंदूज्वर झाला तेव्हा मी औरंगाबादला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय प्राणिशास्त्र. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा तेव्हा धुमसत होता. बंद, मोर्चे, पुढे ढकललेले पेपर यांची आम्हाला सवय झाली होती. असाच एक पेपर पुढे गेला म्हणून मी पाथरीला घरी आले आणि आले ती आलेच. परीक्षा कशीबशी दिली, गावातल्याच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले, पण बॅग भरून गाव सोडणं काही जमलं नाही.

आई वाचली. ताप उतरला, ती चालायला-बोलायला लागली, भाकरी पहिल्यासारखी गोल थापायला लागली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. काही आठवडे आम्हीही तसंच समजलो. मग ध्यानात आलं की तिच्यात नवीन काही राहतच नाही. तापाआधीचं सगळं जागच्या जागी होतं. माहेरची विहीर, चुलत्याच्या लग्नात कोण कशावरून रुसलं होतं, वरणाला किती हिंग. तापानंतरचं मात्र चहा गाळेपर्यंतसुद्धा टिकत नव्हतं. मी समोरून उठून न्हाणीत जाऊन आले तरी ती विचारायची, "कव्हा आलीस गं?" आणि दर वेळी तिला मी आल्याचा तेवढाच आनंद व्हायचा. पहिल्या वर्षी मला त्याचं रडू यायचं. पुढे पुढे राग यायला लागला, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

तिला एकटं ठेवायची सोय नव्हती. ती स्टोव्ह पेटवायची आणि विसरायची. दार उघडून निघायची आणि कशाला निघालो ते विसरायची. बाबा तहसील कचेरीत कारकून. माझं कॉलेज सकाळचं. मी परत आल्याशिवाय बाबांना उंबरा ओलांडता येत नव्हता आणि ते परत आल्याशिवाय मला. आम्ही दोघं दारात एकमेकांना भेटायचो, एक आत, एक बाहेर, आणि "दूध तापवलंय" एवढंच बोलायचो. अशी वर्षं गेली. माझ्या बरोबरीच्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली, त्या माहेरपणाला आल्या की मला म्हणायच्या, "तू किती गं गुणाची." गुणाची कसली डोंबलाची. मला निघायची वाटच सापडत नव्हती.

महिन्यातून एखाद्या शनिवारी बाबांना सुट्टी असली की मात्र मी एसटीनं परभणीला जायचे. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं यायची, उशिरा यायची, पण यायची. तिथल्या लाकडी बाकावर बसून मी मेंदूबद्दल जे हाती लागेल ते वाचायचे. बाकीचे लोक ज्वारीवरची खोडमाशी वाचत असायचे. आईच्या डोक्यात नक्की काय तुटलंय हे मला समजून घ्यायचं होतं. समजलं म्हणजे दुरुस्त करता येईल, असा माझा भाबडा हिशोब होता.

वाचलं ते साधारण असं. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. निरोप त्या फटीतून जातो. एकदाच गेला तर गेला आणि मिटला. पण तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला, तर पलीकडच्या पेशीतली काही प्रथिनं जागी होतात. ती दुसऱ्या प्रथिनांना डिवचतात, ती तिसऱ्यांना, आणि तो सांधा काही वेळ तरी पक्का होतो. काही वेळच. तो कायमचा पक्का व्हायचा तर निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचावा लागतो आणि तिथून नवी प्रथिनं तयार होऊन यावी लागतात. ती झाली नाहीत तर प्राणी शिकतो खरा, पण शिकलेलं त्याच्याजवळ राहत नाही. आणि घाईनं एका बैठकीत शिकवलं तर ती नीट होत नाहीत. मध्ये विसावा देऊन, दिवसाआड, पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं.

हे मी एकदा जेवताना बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी 'प्रथिनं' एवढाच शब्द उचलला. दुसऱ्या दिवसापासून घरात हरभऱ्याची डाळ, मटकी, शेंगदाणे यांचा मारा सुरू झाला. "ती प्रथिनं नव्हं हो," मी म्हटलं. "प्रथिनं ती प्रथिनं," बाबा म्हणाले आणि आईच्या ताटात आणखी एक पळी उसळ वाढली. आईला पित्त झालं. पण बाबांना हसायचा मला हक्क नव्हता, कारण परभणीहून येताना मी तरी दुसरं काय आणत होते.

त्याच ग्रंथालयात हैदराबादच्या एका संशोधकाचा लेख सापडला. याच सांध्यांवर काम करणारा माणूस, आणि आमच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर. मी त्यांना कळवलं की मला हे काम शिकायचंय. त्यांनी उलट टपाली विचारलं, जुलैपासून येऊ शकाल का? मी बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ पान लावत बसले, मग म्हणाले, "जा. पन हिच्यापाशी कोन बसंल ते बघून जा."

म्हणून मावशी आल्या, आईपाशी दिवसभर बसायला पगारावर ठेवलेल्या. सोनपेठ रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायच्या. पहिल्या एसटीनं यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. अंगानं काटक, बोलायला कमी, पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढलेला. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या. आईनं त्यांना चार महिन्यांत ओळखायला हवं होतं. निदान त्यांची सवय तरी व्हायला हवी होती. झाली तर मी हैदराबादला, नाही तर पाथरीत. सगळं त्यावर होतं.

पहिल्या दिवशी मावशींनी चप्पल काढून झाडू हातात घेतला, तर आई धावत आली. "अगं बाई, पाहुण्यांनी झाडू घ्यायचा असतो का? बसा, बसा तुमी." घरी पहिल्यांदा आलेल्या बाईला हळदकुंकू दिल्याशिवाय आमच्याकडे पाणीसुद्धा विचारत नाहीत, आणि आई त्या बाबतीत फार कडक. ती देवघरातून करंडा घेऊन आली आणि मावशींचा पदर मागे सारायला तिनं हात पुढे केला. मावशी मागे सरकल्या. "नगं वैनी. मालक न्हाईत मला."

आईचा हात तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरलेले नाही. आपण एका बाईला दारात दुखवलं, या विचारानं तिचे डोळे भरले. तिनं मावशींचे दोन्ही हात धरले, "माझं मेलीचं ध्यानच न्हाई" म्हणत राहिली. मावशींनीच तिची समजूत घातली. मी चहा केला. चहा होईपर्यंत आई सगळं विसरली होती. तिनं वळून पाहिलं, घरात एक अनोळखी बाई बसलेली. "अगं बाई, या. कव्हा आलात?" आणि ती करंडा आणायला उठली.

असं रोज. एका सकाळी दोनदा, कधी तीनदा. दर वेळी मावशींना ते वाक्य म्हणायला लागायचं आणि दर वेळी आईला ते नव्यानं लागायचं. पाहुणी म्हणून आई त्यांना काम करू द्यायची नाही, स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. करंडा लपवला तर आई घरभर शोधत हिंडायची आणि पाहुणीपुढे आपली लाज गेली म्हणून कासावीस व्हायची. परीक्षांमुळे माझे तास बंद होते, मी बाजूला उभी राहून मनात म्हणायचे, पुन्हा पुन्हा जातोय ना निरोप? मग पोचत का नाही कुठेच? त्या घराला भिंती होत्या तशा आईच्या सकाळीलाही भिंती होत्या, आणि आता आम्ही आणखी एका बाईला त्यात कोंडलं होतं.

महिनाभर मावशींनी सोसलं. मग एका सकाळी आई करंडा घेऊन आली तेव्हा त्या मागे सरकल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "किती डाव सांगू ताई, मालक मेले म्हनून? सांगून सांगून मलाच रोज नव्यानं मेल्यागत व्हायलंय." आणि त्यांनी आपल्या हातानं पदर मागे घेतला. कपाळावर बारीकसं हिरवं गोंदण होतं, ते मी तेव्हाच पाहिलं. आईनं हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत गहू आणि नारळ घातला, आणि तिचं समाधान झालं.

आणि मग ते घडलं ज्याचा मी विचारही केला नव्हता. मावशी झाडायला लागल्या. आई सगळं विसरून बाहेर आली, बघते तर घरात अनोळखी बाई. तिचं तोंड उघडलं. पण बाईच्या कपाळावर ताजं कुंकू होतं, आमच्या घरचं. म्हणजे हिचं हळदकुंकू झालेलं आहे, ही आपल्यातलीच कुणीतरी आहे. आईनं मान डोलावली आणि निघून गेली. दिवसभर असंच झालं. ती थबकायची, कपाळ बघायची, निवांत व्हायची. तिच्या डोक्यात जे राहत नव्हतं ते मावशींच्या कपाळावर राहिलं होतं.

मावशी दिवसभर पदर मागे ठेवायच्या, कारण कुंकू दिसायला हवं. इतक्या वर्षांत त्या अशा उघड्या कपाळानं कुणाच्या घरात वावरल्या नसतील. संध्याकाळी निघायच्या आधी न्हाणीत जाऊन खोबरेल आणि साबण लावून कपाळ घासायच्या, गहू डब्यात ओतायच्या, नारळ फडताळात ठेवायच्या आणि पदर ओढून एसटी गाठायच्या. त्या एका नारळानं किती ओट्या भरल्या ते देव जाणे. शेवटी त्यातलं पाणी वाजेना झालं. "ह्यो नारळ आता माझ्यावानी झाला," मावशी म्हणाल्या आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. आईसुद्धा हसली, कशाला ते कळलं नाही तरी.

घर मोकळं झालं. बाबा कचेरीतून उशिरा यायला लागले, म्हणजे बाहेर चार माणसांत बसायला लागले. मी संध्याकाळी नुसतीच बाजारापर्यंत चालत जाऊन यायचे, काही घ्यायचं नसताना. आईला मावशींची ओळख पटते का? नाही. रोज सकाळी "कुठल्या गावच्या तुमी?" हे होतंच. पण ओळख नसली तरी चालत होतं, आणि मला तेवढं पुरत होतं. मी हैदराबादला येते म्हणून कळवलं. माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली.

कुंकू बाजारातलं, लालभडक. रोज लावायचं, रोज खसाखसा घासायचं. मावशींच्या कपाळावर गोंदणाच्या खाली एक लालसर डाग पडला आणि तो जाईना. त्यांनी सांगितलं नाही. मी पाहिलाही असेल, पण माझं लक्ष बॅगेत होतं.

जूनमध्ये एका सकाळी एसटी आली, मावशी आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांचा भाऊ आला. स्वच्छ धोतर नेसलेला, शांत माणूस. बसा म्हटलं तरी ओट्यावरच बसला. "ताई, आमचा तुमच्यावर राग न्हाई. पर आमाला गावात ऱ्हायचंय. बहिनीच्या कपाळाला लाल डाग दिसायलाय. बायका पानवठ्यावर इचारायल्यात, पाथरीला कुनासाठी कुंकू लावती म्हनून. मी कुनाकुनाला काय सांगू?" मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमी शिकलेल्या हाव, तुमाला पटतंय. मला बी पटायलंय. पर गावाला कसं पटवू?" आणि पाणी पिऊन निघून गेला. त्याच्याशी भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात जाऊन बसली. आई कधी दारात बसत नसे. मी म्हटलं, "आत चल, चहा झालाय." ती हलली नाही. "कुनाची वाट बघायलीस?"

"मला काय ठाव. कोनतरी यायचंय."

पहिली एसटी स्टँडकडे गेली, तिचा आवाज आमच्या गल्लीत येतो. आई उठून उभी राहिली, गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिली, पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तर रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आज लय उशीर केला तिनं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. उशीर झाला म्हणायला आधीचे दिवस लागतात. तापापासून तिच्याजवळ आधीचा दिवसच नव्हता. तिला नाव माहीत नव्हतं, चेहरा आठवत नव्हता, पण या वेळेला एक बाई येते आणि आज ती आलेली नाही, एवढं तिच्यात कुठेतरी जाऊन बसलं होतं. इतक्या सकाळी वाया गेल्या असं मी धरून चालले होते, आणि त्या गेल्या नव्हत्या. परभणीच्या बाकावर बसून मी वर्षानुवर्षं हेच शोधत होते. ते मला घरात सापडलं, आणि बाई निघून गेल्यावर सापडलं. मला आनंद झाला की काय झालं ते सांगता येत नाही.

त्या दुपारी बाबा घरी बसले आणि मी मावशींच्या गावी गेले. त्यांना परत चला म्हणायचं होतं. भाऊ शेतात होता, भावजय घरात. मावशी अंगणात तूर पाखडत होत्या, पदर पुन्हा भुवयांपर्यंत. मी समोर बसले. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी सुपावरून मान वर न करता विचारलं, "वैनी इचारतेत का मला?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण गरज नव्हती. "नाव नाही घेत," मी म्हटलं. "पण रोज दारात बसते. पहिल्या एसटीच्या वेळेला. आज म्हणाली, लय उशीर केला तिनं."

सूप थांबलं. "असं म्हनल्या?"

"हो."

"पुन्हा सांगा, कशा म्हनल्या?"

मी पुन्हा सांगितलं. मावशींनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. "माझ्यासाठी दारात बसलेलं कुनी न्हाई आजवर," त्या म्हणाल्या. "मालक बी न्हाई." भावजय आतून बघत होती, म्हणून त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "उद्या बी बसतील का वो?"

मला उत्तर माहीत होतं. निरोप जायचा थांबला की सांधा सैल होतो. काही दिवस बसेल, मग एक दिवस बसणार नाही. "बसेल," मी म्हटलं. परत चला हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. चला म्हटलं असतं तर त्या आल्या असत्या, आणि मग त्यांना गाव उरलं नसतं.

हैदराबादला मी नाही म्हणून कळवलं. आई पोळ्यापर्यंत दारात बसली. मग एका सकाळी एसटीचा आवाज आला आणि ती आत भाकरी थापत राहिली. मी चुलीपाशीच उभी होते. तिला दारात नेऊन बसवावं असं मला वाटलं, हाताला धरून, जबरदस्तीनं. नाही नेलं. बाबा म्हणाले, "सुटली बिचारी." मला त्यांचा संताप आला आणि मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले.

मावशी कधीमधी आठवडी बाजारात दिसायच्या. भावजय बरोबर नसली की जवळ यायच्या आणि विचारायच्या, "बसतेत का अजून?" मी म्हणायचे, "बसते." त्यांना ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. आईला दुसरं कुणी चाललं असतं तर मी हैदराबादला गेले असते, आणि मी अजून पाथरीतच होते ना.